रेडमाइनचा एपीआय २०४ देतो, पण कामाचा स्टेटस बदलत नाही. काय चुकतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात कूलर दुरुस्तीचं दुकान, तक्रारी रेडमाइनमध्ये (कामांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर) नोंदवता. मिस्त्री मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये 'झालं' दाबतो आणि तुमची पायथन स्क्रिप्ट एपीआयमधून (प्रोग्रॅमने सॉफ्टवेअरशी बोलायची वाट) त्या कामाचा स्टेटस बदलते. तुमच्या स्वतःच्या कीने (खात्याची एपीआयसाठीची गुप्त खूण) चालवली तर सगळं बरोबर. मिस्त्र्यांसाठी वेगळं खातं काढून त्याची की टाकली, की सर्व्हर २०४ ('ठीक आहे' सांगणारा कोड) म्हणतो आणि काम मात्र 'नवीन'च राहतं. शिवाय 'पार्ट बाकी' हा नवा स्टेटस कुणाच्याच कीने लागत नाही.

स्क्रिप्टमध्ये चूक नाही, वर्कफ्लोमध्ये आहे, म्हणजे कोणी कोणत्या स्टेटसवरून कुठे जायचं त्या नियमांमध्ये.

रेडमाइनमध्ये स्टेटस हा कामावर चिकटवायचा कागद नसतो. पुट (बदल करायच्या) रिक्वेस्टमधून नवा स्टेटस आयडी आला की रेडमाइन बघतं: ही की कोणाची, त्या माणसाचा या प्रोजेक्टमध्ये रोल कोणता, कामाचा ट्रॅकर (प्रकार) कोणता, आणि या रोलला या ट्रॅकरमध्ये आत्ताच्या स्टेटसवरून मागितलेल्या स्टेटसवर जायची मुभा आहे का. मुभा नसेल तर तेवढा स्टेटस आयडी गुपचूप बाजूला टाकतं आणि बाकीचं सगळं सेव्ह करतं. त्याच रिक्वेस्टमध्ये टिपण पाठवलं असेल तर ते कामाच्या इतिहासात दिसेल, स्टेटस जिथल्या तिथे. सेव्ह झालं म्हणून उत्तर २०४ (जुन्या आवृत्त्यांत २००). माझ्या मते इथे सरळ ४२२ (माहिती नाकारल्याचा कोड) यायला हवा होता, पण तसं नाही, तेव्हा २०४ चा अर्थ 'रिक्वेस्ट पोचली' एवढाच घ्या.

तुमची की चालते, कारण तुमचं खातं ॲडमिन आहे. ॲडमिनसाठी रेडमाइन सगळ्या रोल्सच्या वाटा एकत्र धरतं. कुठल्याही एका रोलला परवानगी असली की ॲडमिनला असते. म्हणूनच ॲडमिनच्या कीने केलेल्या चाचणीवरून मिस्त्र्याच्या खात्याबद्दल काहीच कळत नाही. चाचणी पहिल्या दिवसापासून मिस्त्र्याच्याच कीने करा.

आता दुरुस्ती. ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या वर्कफ्लो पानावर जा, मिस्त्र्याचा रोल आणि दुरुस्तीचा ट्रॅकर निवडा. समोर चौकटींचा तक्ता येईल: आडव्या ओळी म्हणजे आत्ताचा स्टेटस, उभे रकाने म्हणजे पुढचा. 'नवीन' च्या ओळीत 'माणूस पाठवला', 'माणूस पाठवला' च्या ओळीत 'झालं', असं जे खरंच घडतं तेवढंच टिक करा. 'पार्ट बाकी' या तक्त्यात दिसणारच नाही, आणि बहुतेक लोक इथेच अडतात. 'या ट्रॅकरमध्ये वापरात असलेलेच स्टेटस दाखवा' असा एक चेकबॉक्स वर असतो आणि तो आधीपासून टिक केलेला असतो. नवा स्टेटस अजून कुठल्याच वाटेवर नाही, म्हणजे 'वापरात' नाही, म्हणून लपलेला. ती टिक काढा, तक्ता पुन्हा उघडा, मग 'पार्ट बाकी' ची ओळ आणि रकाना दोन्ही मिळतील. दोन्ही भरा. नुसता रकाना भरला तर काम 'पार्ट बाकी' मध्ये शिरेल आणि तिथून बाहेर पडायला वाट राहणार नाही. तक्त्याची सगळ्यात वरची ओळ नव्या कामाची असते. पोस्टने काम तयार करतानाच 'नवीन' सोडून दुसरा स्टेटस द्यायचा असेल तर तिथेही टिक लागते. सोबत त्या रोलला कामं संपादित करायची परवानगी आहे ना तेही बघा. नुसती टिपणं लिहायची परवानगी असेल तर वर्कफ्लो कितीही भरला तरी स्टेटस हलत नाही.

नवे स्टेटस एपीआयने तयार करता येत नाहीत. मूळ रेडमाइनमध्ये इश्यू स्टेटसेसचा एपीआय फक्त वाचण्यापुरता आहे: आयडी, नाव, आणि तो स्टेटस काम बंद करणारा आहे की नाही. स्टेटस वाढवणं, नाव बदलणं हे ॲडमिनच्या पानावरूनच. नाव बदललं तरी आयडी तोच राहतो.

स्क्रिप्टने काय करावं ते सांगतो. रेडमाइन ५.० पासून एका कामाची माहिती मागवताना इन्क्लूडमध्ये अलाउड स्टेटसेस मागता येतात. की ज्याची, त्याला त्या घडीला जे स्टेटस लावता येतील त्यांची यादी येते. तुम्हाला हवा तो आयडी यादीत नसेल तर पुट पाठवूच नका, मिस्त्र्याच्या फोनवर कारण दाखवा. असेल तर पाठवा, आणि नंतर तेच काम पुन्हा वाचून स्टेटस जुळवा. आवृत्ती ५.० च्या आधीची असेल तर नुसतं परत वाचून जुळवणं हाच मार्ग. प्रत्येक कामामागे एक-दोन रिक्वेस्ट जास्त जातात, दुकानाच्या पसाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

वर्कफ्लो बरोबर असूनही 'झालं' यादीतून गायब होऊ शकतं. ते काम दुसऱ्या कामामुळे 'ब्लॉक' झालं असेल आणि ते दुसरं काम अजून उघडं असेल, तर बंद करणारे सगळे स्टेटस यादीतून निघून जातात. नव्या आवृत्त्यांत उपकाम उघडं असलं तरी हेच. 'पंप मागवणे' असं उपकाम लावून ठेवलं आणि पंप बसवल्यावर ते बंद करायचं राहिलं, की मूळ तक्रार बंद होत नाही. आधी उपकाम बंद करायचं, मग मूळ काम, हा क्रम स्क्रिप्टमध्येच ठेवा.

४२२ आला तर मात्र आनंद माना, कारण त्यात एरर्स या यादीत कारण लिहिलेलं असतं. बहुधा वर्कफ्लोच्या फील्ड परवानग्यांमध्ये त्या स्टेटसला एखादं फील्ड सक्तीचं केलेलं असतं, जसा पावती क्रमांक. ते फील्ड त्याच पुटमध्ये पाठवा. आणि कंटेंट टाइप हेडर जेसनचा (डेटा लिहायची एक पद्धत) नसेल तर रेडमाइन बॉडी जेसन म्हणून वाचतच नाही. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत जेसन या पॅरामीटरने दिलं तर हेडर आपोआप लागतो. डेटामध्ये स्ट्रिंग दिली तर तो स्वतः लावावा लागतो.

तुमच्या कोडमध्ये स्टेटस नावावरून शोधलाय. ते बदला. मराठी नावांत हा धोका इंग्रजीपेक्षा जास्त आहे. 'गिऱ्हाईक घरी नाही' यातला 'ऱ्हा' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे, आणि युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) केलं तरी ते एक होत नाहीत. त्यामुळे स्क्रिप्टच्या कॉन्फिगमध्ये तुमची छोटी खूण आणि तिच्यासमोर आयडीचा आकडा अशी जोडी ठेवा. स्क्रिप्ट सुरू होताना स्टेटसची यादी एकदा वाचून सगळे आयडी अजून आहेत ना ते तपासा. चाचणीचा सर्व्हर वेगळा असेल तर तिथले आकडे वेगळे असतील, म्हणून हे कॉन्फिग कोडच्या बाहेर हवं. स्टेटसच्या नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे, आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. 'माणूस पाठवला, पार्ट येणे बाकी' इथेच २९ होतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की 'ताट्या संपल्या', 'पंप नाही', 'गिऱ्हाईक घरी नाही', 'दुसऱ्या फेरीला' हे सगळे स्टेटस करू का. मी करणार नाही. सहा स्टेटस असले तर एका रोल आणि एका ट्रॅकरच्या तक्त्यात ३० वाटा असतात. तीन रोल आणि दोन ट्रॅकर धरले तर १८०. स्टेटस बारा केले की हाच आकडा ७९२ होतो, आणि होळीनंतर सीझन लागला की तो तक्ता कोण तपासत बसणार? स्टेटसने एवढंच सांगावं की चेंडू कोणाकडे आहे: दुकानाकडे, मिस्त्र्याकडे, पार्टवाल्याकडे, की काम संपलं. का अडलंय ते लेबलात जाऊ द्या.

मूळ रेडमाइनमध्ये लेबलं नाहीत, म्हणून यादी प्रकारचं कस्टम फील्ड करा आणि एकापेक्षा जास्त मूल्यांची सोय चालू ठेवा. ते फील्ड त्या ट्रॅकरला आणि प्रोजेक्टला जोडलेलं हवं, नाहीतर तेही गुपचूप गळतं. आणखी एक खाच: एपीआयमधून या फील्डला यादी पाठवली की जुनी यादी पूर्ण पुसून नवी बसते, तिच्यात भर पडत नाही. 'पंप नाही' आधी असताना नुसतं 'दुसऱ्या फेरीला' पाठवलंत तर पंपाचं लेबल गेलं. आधी वाचा, यादीत मिळवा, मग पूर्ण यादी पाठवा.

सगळ्या मिस्त्र्यांसाठी एकच खातं ठेवलंय, त्यामुळे इतिहासात कोणी काय बदललं ते कळणार नाही. प्रत्येकाचं खातं काढा, पण प्रत्येकाची की सांभाळायची गरज नाही. ॲडमिनची की वापरून एक्स-रेडमाइन-स्विच-यूझर या हेडरमध्ये मिस्त्र्याचं लॉगिन द्या. रिक्वेस्ट त्याच्या नावाने आणि त्याच्याच परवानग्यांनी चालते. लॉगिन चुकीचं किंवा लॉक केलेलं असेल तर ४१२ येतो. ही की सर्व्हरवरच राहिली पाहिजे, फोनमधल्या फॉर्ममध्ये कदापि नाही.

जुनी अडकलेली कामं एकदम सरकवण्याआधी ॲडमिनमधल्या ईमेल सूचनांच्या टॅबवर स्टेटस बदलाची सूचना आणि काम बदलल्याची सर्वसाधारण सूचना, दोन्हींवरची टिक तात्पुरती काढा. रिक्वेस्टमधून मेल थांबवायची सोय नाही, आणि ३०० कामं बदलली तर ३०० बदलांचे मेल प्रत्येक संबंधिताला जातील.

ती कामं शोधताना लक्षात ठेवा, कामांची यादी मागवली की रेडमाइन फक्त उघडी कामं देतं, तीही २५. सगळी हवी असतील तर स्टेटस आयडीच्या जागी तारांकन द्या, लिमिट १०० करा (त्याहून जास्त मिळत नाहीत) आणि ऑफसेट वाढवत टोटल काउंटपर्यंत जा. 'पार्ट बाकी' मध्ये काम किती दिवस पडून होतं हे जर्नल्समधून (कामातल्या बदलांच्या नोंदी) काढा. ती यादीसोबत मिळत नाहीत, एकेक काम उघडून मागवावी लागतात. त्यात जुना आणि नवा आयडी स्ट्रिंग म्हणून येतो, थेट आकड्याशी तुलना केली तर काहीच जुळणार नाही. वेळा यूटीसीमध्ये असतात, म्हणून साडेपाच तास मिळवल्याशिवाय दिवस मोजू नका. क्लोज्ड ऑन या तारखेवर मात्र विसंबू नका: काम पुन्हा उघडलं तरी ती जुनी तारीख तशीच राहते, आणि नवतप्यात परत आलेला कूलर तुमच्या अहवालात 'झालेला' दिसतो.