इंटरफेरॉन-प्रेरक की इंटरफेरॉन-प्रेरित?

प्रश्न असा आला आहे: 'विषाणुसंसर्गात उंदरांमधील इंटरफेरॉन-प्रेरक जनुकाची भूमिका' हे शीर्षक बरोबर आहे का?

'प्रेरक'ने अर्थ उलटला आहे. प्रेरक म्हणजे प्रेरणा देणारा. म्हणजे हे जनुक इंटरफेरॉन (विषाणू आल्याचा इशारा देणारे पेशीचे प्रथिन) तयार करायला लावते, असा बोध होतो. घडते ते वेगळे. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन सोडते, तो शेजारच्या पेशींवरील ग्राहींना (इशारा पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटतो आणि त्या पेशींमधले हे जनुक चालू होते. म्हणून 'इंटरफेरॉनने प्रेरित', तृतीया तत्पुरुष. नुसते 'इंटरफेरॉन जनुक' हा तिसराच प्राणी: खुद्द इंटरफेरॉन बनवणारे जनुक. 'प्रवर्तित'ही चालेल, पण त्याने शाळेतले विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि तारेचे वेटोळे आठवते. 'भूमिका' नाटकात शोभते. इथे साधे 'कार्य' बरे.

'उंदीर' मात्र जपून वापरा. माउस आणि रॅट दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, म्हणून एकदा तरी 'मस मस्क्युलस' हे माउसचे शास्त्रीय नाव द्यावे. शिवाय वंशही (प्रयोगशाळेत जपलेला उंदरांचा वाण, इंग्रजीत स्ट्रेन) सांगावा. एमएक्स१ हे याच प्रकारचे जनुक घ्या. ए२जी वंशाचे उंदीर फ्लूच्या विषाणूला दाद देत नाहीत, हे लिंडेनमान यांनी १९६२ साली दाखवले; १९५७ साली आयझॅक्स यांच्यासह इंटरफेरॉन शोधणारे तेच. पण बाल्ब/सी, सी५७ब्लॅक/६ अशा प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वंशांत या जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे कामाचे प्रथिन बनत नाही. तेव्हा 'उंदरांमध्ये एमएक्स१ फ्लूला अडवते' हे सरसकट विधान चूक ठरते.

क्रियापद 'अडवते' किंवा 'रोखते' हेच हवे, 'मारते' नको. उंदराचे हे प्रथिन केंद्रकात राहून विषाणूच्या पॉलिमरेजच्या (त्याच्या जनुकांच्या प्रती काढणाऱ्या विकराच्या) कामात खोडा घालते. विषाणूचे कण नष्ट करत नाही.

राहिली लिपीची अडचण. रोमनमध्ये उंदराच्या जनुकाचे फक्त पहिले अक्षर मोठे आणि मानवी जनुकाची सगळी अक्षरे मोठी, एवढ्यावर दोन्ही वेगळी कळतात. देवनागरीत ती सोय नाही. म्हणून 'उंदराचे एमएक्स१', 'मानवी एमएक्स१' असे दरवेळी लिहावेच लागते. मानवी जनुकाच्या प्रथिनाचे नाव तर एमएक्सए, आणि ते केंद्रकात नव्हे, पेशीद्रवात असते.