ई-माउंटन बाइकला मागचा शॉक (धक्के झेलणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर) कोणता घ्यावा, सेट कसा करावा?

चिखलदऱ्याच्या घाटात चालवायची असेल, तर एअर शॉक, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर चालणारा, घ्या, पण बाजूला तेलाची छोटी टाकी असलेलाच. मोटर-बॅटरीमुळे गाडी जड, त्यात लांब उतारावर शॉकमधलं तेल फार तापतं. माप मात्र फ्रेमच्या कंपनीने दिलंय तेच.

शॉकमधल्या हवेचा दाब बसवताना हेल्मेट, पाण्याची बॅग सगळं अंगावर हवं. शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग सीलला (दांडा जिथे आत जातो तिथल्या कडेला) टेकवा, गाडीवर अलगद बसा, अलगद उतरा. स्ट्रोक, म्हणजे शॉक जास्तीत जास्त दबतो ते अंतर, ५५ मिमी असेल तर रिंग १६ मिमीच्या आसपास सरकायला हवी. कमी सरकली तर हवा थोडी सोडा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर अजिबात लावू नका, शॉकसाठीचा छोटा हातपंप, म्हणजे शॉक पंपच पाहिजे. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात आतला दाब वाढतो, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा मोजा. खड्ड्यानंतर सीट उसळत असेल तर रिबाउंड (दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग) त्याच्या बटणाने एकेक क्लिक हळू करा.