सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळते, ती बिडीमुळे नव्हे

आपला भाऊ गाद्यांच्या कारखान्यात कापूस पिंजतो, सुट्टीनंतर कामावर गेला की पहिल्याच दिवशी त्याची छाती आवळते, एक्स-रे स्वच्छ येतो आणि डॉक्टर बिडीला दोष देतात. तर खरे कारण कोणते आणि मास्क कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. कारण धूळच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बिडी रोज ओढली जाते. तिचा त्रास वार पाहून येत नाही. कापसाच्या धुळीतील पानापाकळ्यांच्या चुऱ्यावर जिवाणूंचे विष असते, त्याने श्वासनलिका आकसतात, आणि सुट्टीत शरीराची सवय मोडलेली असल्यामुळे पहिल्या दिवशी तडाखा सर्वांत जास्त बसतो. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिससारखे डाग त्यात एक्स-रेवर दिसत नाहीत, म्हणून स्वच्छ एक्स-रेने काहीच सिद्ध होत नाही.

माझे वडील 1970 पासून परळच्या एका मिलमध्ये कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस विंचरण्याच्या खात्यात होते. कार्ड म्हणजे विंचरण्याच्या यंत्राच्या तारांत अडकलेला कचरा काढण्याचे, म्हणजे सर्वांत धुळीचे काम त्यांच्याकडे होते. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी पाळी करून आले की ते चाळीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबत आणि घरात आल्यावर खाटेच्या कडेला, गुडघ्यांवर हात टेकून, न बोलता बसून राहत. भुवयांवर कापसाचे तंतू तसेच असत. धुळीवर उपाय म्हणून ते गूळ खात. गुळाने घसा मऊ होतो, पण गूळ फुप्फुसात जात नाही.

थोरले काका त्याच मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारे मुकादम होते आणि त्यांनीच वडिलांना तिथे लावले होते. ‘बिडीने खाल्ले त्याला’ हे त्यांचे वाक्य मी वडिलांच्या तेराव्यालाही ऐकले. काकांना तेव्हा मला जे सांगता आले नाही, ते इथे सांगतो. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि आम्ही कोकणात गावी गेलो. हाताला काम नाही, डोक्याला घोर, त्यामुळे वडिलांच्या बिड्या दुपटीने वाढल्या; तरीही चार-पाच महिन्यांत ते विहिरीवरून दोन हंडे न थांबता आणू लागले. 1983 मध्ये त्यांना पुन्हा कामावर घेतले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात छाती पूर्वीसारखी आवळली. बिडी दोन्हीकडे होती, धूळ एकीकडेच होती. पुढे दम रोजचाच झाला आणि 1991 मध्ये त्यांनी काम सोडले. बिसिनोसिस तेव्हा कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत होता, म्हणजे असा रुग्ण दिसला की मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक होते. आमच्या दवाखान्यातील कागदावर मात्र शेवटपर्यंत ‘दमा, धूम्रपान’ एवढेच लिहिले गेले, त्यामुळे भरपाई मागण्याचा प्रश्नच उरला नाही.

म्हणून आपण आधी कागद नीट करून घ्या. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीपूर्वी आणि पाळी संपल्यावर अशी दोनदा फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. दुसऱ्या वेळी आकडा बराच खाली आला तर तो पुरावा आहे. भाऊ काय काम करतो आणि किती वर्षे करतो, हे डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला लावा. कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) कार्ड असेल तर व्यवसायजन्य आजार म्हणून दावा करता येतो.

मास्कचे म्हणाल तर ओला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 अडवतो, पण यंत्रावर धूळ ओढून घेणारा पंखा नसेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नका. सुरुवातीच्या टप्प्यात काम बदलले तर माणूस सावरतो, हे मी वडिलांकडे पाहून सांगतो.

मी डॉक्टर नाही. खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल तर क्षयासाठी थुंकी आधी तपासून घ्या. बिडीही सुटलीच पाहिजे, कारण धुळीबरोबर ती फुप्फुसांचे नुकसान वाढवते आणि माझ्या वडिलांचेही तिने वाढवले असणार. मात्र ती सुटेपर्यंत धुळीची नोंद करायचे थांबू नका. काकांचे ऐकून आम्ही नेमके तसेच थांबलो होतो.