पहिल्या सत्रात एवढंच सांभाळ

अभिनंदन! उपयोजित भाषाविज्ञानाला, म्हणजे भाषेचा अभ्यास भाषा शिकवण्यासारख्या कामात वापरायला, आलास म्हणून लगेच सगळे सिद्धांत पाठ करू नकोस. मी केले होते. वर्गावर उभा राहिलो तेव्हा एकही कामी आला नाही.

आधी शिकणाऱ्याच्या चुका टिपायला लाग. भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच जीभ घसरणं आणि नियम न उमगल्याने होणारी चूक यांत फरक केला. दर वेळी ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणणारा निष्काळजी नसतो. ‘धरलं’वरून त्याने नियम काढलेला असतो. अशी वही महिनाभर ठेव.

बाकी दोन गोष्टी:
- ध्वनिलिपी, म्हणजे उच्चार जसाच्या तसा लिहायची चिन्हं, रोज दहा मिनिटं. कंटाळवाणं आहे, पण टाळू नकोस.
- प्रबंधाला ‘भाषाशिक्षणातील समस्या’ असला अवाढव्य विषय नको. एक वर्ग, एक प्रश्न पुरे.

संख्याशास्त्राचं नंतर बघू.