पाय हलू द्या

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. गृहपाठाला बसला की पाच मिनिटांत एक पाय खाली, अर्धं अंग टेबलावर. शाळेतूनही तीच तक्रार. मोबाइल दिला की मात्र तासभर हलत नाही. घरचे म्हणतात, लाडावलाय. मनात आणलं तर बसू शकतो ना तो? – एक आई

उत्तर : ताई, लाडाचा इथे संबंध नाही. मी मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (बसणं, लिहिणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी तज्ज्ञ) म्हणून काम करते आणि ‘मोबाइलवर तर बसतो’ हे जवळजवळ प्रत्येक पालकाकडून ऐकते. मोबाइलवर क्षणाक्षणाला नवं काहीतरी येतं, मेंदूला जागं ठेवायचं काम पडदाच करतो. वजाबाकीची वही ते करत नाही. तिथे बरीच मुलं हालचाल करून स्वतःला जागं ठेवतात. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चुळबुळ, उतावळेपणा अशी लक्षणं असलेली मेंदूच्या वाढीशी निगडित स्थिती) असलेल्या मुलांच्या अभ्यासांत दिसलंय, की डोक्यात आकडे धरून ठेवायचं काम आलं की त्यांची चुळबुळ वाढते. अशा मुलाला ‘आधी नीट बस’ म्हटलं, तर सगळी ताकद न हलण्यातच खर्च होते.

त्याची खुर्ची बघा. पाय लोंबकळत असतील, पोटा-पाठीचे स्नायू कच्चे असतील, तर ताठ बसणं हेच त्याच्यासाठी मेहनतीचं काम आहे. अशी मुलं हातावर डोकं टेकतात, खुर्चीला पाय गुंडाळतात. पायाखाली ठोकळा द्या, उभ्यानं लिहू द्या. अभ्यासाआधी पळणं, लोंबकळणं, जड काहीतरी ढकलणं होऊ द्या.

मी झोपेबद्दलही विचारते. या वयाला ९ ते १२ तास लागतात. दमलेलं मोठं माणूस पेंगतं, दमलेलं मूल उलट जास्त उड्या मारतं. तो रात्री घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल किंवा अंथरुणात पाय सारखे हलवत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असू शकतात, लोह कमी असू शकतं.

एडीएचडीची शंका कधी घ्यायची? घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, किमान ६ महिने हेच चाललंय आणि त्यापायी अभ्यास, मैत्री अडतेय, तेव्हा. रक्ततपासणीत ते कळत नाही, तज्ज्ञांनी सविस्तर बोलून, निरीक्षण करूनच ठरतं. वर्गात तो वयानं सगळ्यांत लहान आहे का, हेही त्यांना सांगा. कधीकधी फरक तेवढाच असतो.

बाईंना भेटाल तेव्हा वह्या वाटायचं, फळा पुसायचं काम त्याला द्यायला सांगा. आणि शिक्षा म्हणून त्याची मधली सुट्टी काढून घेत असतील, तर ते आधी थांबवायला लावा.