जिनिंगमध्ये मानसिक प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेऊन काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या जिनिंगमध्ये (म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) चाळीसेक माणसं आहेत, मालक तुम्हाला दोन दिवसांच्या मानसिक प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगला पाठवतोय, आणि तेवढ्यात काय डोंबल शिकणार?

जा. पण एकटे जाऊ नका, मुकादमाला सोबत न्या. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. आमच्याकडून मी आणि स्टोअरवाला गेलो, आणि हमालांसोबत दिवसभर राहणारा मुकादम मात्र कापसाच्या गाड्या खाली करून घ्यायला मागे राहिला. कोणाचं जेवण सुटलंय, कोण रोजचं बोलणं टाकून बसलाय, हे त्याला कळतं. मला कळतो फक्त हजेरीतला खाडा.

हा अभ्यासक्रम २००० साली ऑस्ट्रेलियात बेट्टी किचनर आणि अँथनी जॉर्म या नवरा-बायकोनं सुरू केला. डॉक्टर होणं त्यात नाहीच. माणसाजवळ जायचं, जिवाला धोका आहे का ते बघायचं, मधे न टोकता ऐकायचं, धीर द्यायचा, दवाखान्यापर्यंत पोचवायचं आणि घरच्यांना जोडून घ्यायचं. शिकवणारे शहरातले होते. त्यांनी सांगितलं, "औषध घेतोस का, असं विचारा." आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आपल्याकडे 'औषध घेतलं' म्हणजे फवारणीचं विष प्यालं, हे त्यांना चहाच्या सुट्टीत समजावून सांगावं लागलं. तुम्ही 'गोळ्या' म्हणा.

सगळ्यात अवघड वाटलेली आणि सगळ्यात कामी आलेली गोष्ट एकच: जीव द्यायचं मनात येतं का, हे आडून नाही तर सरळ विचारणं. विचारल्यानं समोरच्याच्या डोक्यात नसलेलं येईल ही भीती मलाही होती, पण तसं होत नाही. आमच्या काट्यावरचा पोरगा दोन दिवस वजनं चुकीची लिहीत होता. संध्याकाळी त्याला सरकीच्या ढिगामागे नेलं आणि म्हटलं, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येते काय?" बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "येते भाऊ. रोज येते."

पुढचं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा साधं होतं. त्याला एकटं सोडलं नाही. तिथूनच १४४१६ ला फोन लावला (टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं). त्याच्या साळ्याला बोलावून घेतलं आणि घरातला फवारणीचा डबा त्याच रात्री हलवायला लावला. हे डबा हलवणं फालतू समजू नका. जीव द्यायचा झटका बरेचदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं, केसपेपर काढला.

चूक मी नंतर केली. मॅनेजरला सगळं सांगून बसलो. त्यानं 'आराम कर' म्हणून पोराला आठ दिवस घरी बसवलं. रोजंदारीवरच्या माणसाला आठ दिवसांचा आराम म्हणजे आठ दिवसांची मजुरी गेली, आणि गावभर झालं ते वेगळंच. तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. म्हणून जाण्याआधीच मालकाकडून दोन गोष्टी कबूल करून घ्या. कोणी काय सांगितलं ते वर जाणार नाही, जीव धोक्यात असेल तर जेवढं लागेल तेवढंच सांगायचं. आणि दवाखान्याच्या दिवसाची मजुरी कापायची नाही. हे मान्य नसेल तर ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटची फ्रेम ऑफिसात लटकेल, बाकी काही नाही.

मुकादम पोलिसांच्या लफड्याला भितात. त्यांना सांगा, मनातलं बोलून दाखवणं गुन्हा नाही. प्रयत्न केला तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ त्या माणसाला तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालतं, त्याला शिक्षा करायची नाही म्हणतं.

तारखेचंही बघा. दिवाळीनंतर कापूस आला की दोन दिवस कोणी कोणाला सोडत नाही. ऑगस्टमध्ये ठेवा. तेव्हा हमाल शेतावर असतात, म्हणून मुकादमाला त्या दोन दिवसांची मजुरी द्यावी लागेल, ती आधीच मागून ठेवा. फवारणीही तेव्हाच चालू असते, डबे घरोघरी असतात.