अनुभव नसताना लांब पल्ल्याच्या शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून जागा मिळते का?

मिळते. तुम्ही लिहिलंय की क्रू शोधणाऱ्या साइटवर नाव टाकलं, पण कुणी उत्तरच देत नाही. साहजिक आहे. ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसासोबत तीन आठवडे चाळीस फुटांच्या जागेत राहायला कोण पटकन तयार होईल? बोटी निघायच्या तयारीत असतात तिथे, त्या मोसमात, स्वतः हजर असणं हाच खरा मार्ग.

मोसम ठरवतात ती वादळं. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा काळ जून ते नोव्हेंबर. म्हणून युरोपातल्या बोटी शरद ऋतूत कॅनरी बेटांवर जमतात आणि तो काळ संपत आला की व्यापारी वारे धरून पश्चिमेला निघतात. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास बंदरातून १९८६ पासून ‘एआरसी’चा (अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स, शिडाच्या बोटींची एकत्र सफर) ताफा नोव्हेंबरात कॅरिबियनला जातो, हल्ली तो सेंट लुसियाला पोचतो, अंतर साधारण २७०० सागरी मैल. ताफा निघायच्या आधी कुणाचा भाचा ऐन वेळी येत नाही, कुणाची बायको विमानानेच जाते म्हणते. जागा अशाच रिकाम्या होतात, मलाही तशीच मिळाली. तिथे नाही जमलं तर केप व्हर्दे बेटांवरचं मिंडेलो बंदर गाठा. परतीच्या बोटी मेच्या सुमारास कॅरिबियनमधल्या अँटिग्वा, सेंट मार्टिनहून अझोर्स बेटांमार्गे युरोपला जातात.

पॅसिफिक गाठायचा असेल तर पनामा. कालवा ओलांडताना छोट्या बोटीला कप्तानाशिवाय दोर सांभाळायला चार माणसं लागतात आणि बोटीवर बहुधा दोघंच असतात. दोर धरायला जा. एक-दोन दिवसांत कप्तान तुम्हाला पारखतो, तुम्हीही त्याला पारखता.

शिडं हाताळायला शिकवता येतं. रात्री तीनच्या पाळीला न कुरकुरता उठणारा, हेलकावणाऱ्या ओट्यावर भात शिजवणारा, बोट लागून मळमळलं तरी बादली घेऊन कामाला येणारा माणूस कप्तानाला हवा असतो. मरीनाच्या (अशा बोटींच्या धक्क्याच्या) फलकावर चिठ्ठी लावताना हेच लिहा, आणि तारखा मोकळ्या ठेवा.

पगाराची अपेक्षा नको. जेवणाचा वाटा द्यावा लागतो, काही ठिकाणी डिझेल आणि धक्क्याच्या भाड्याचाही. बोटीच्या दुरुस्तीचा वाटा मागितला तर मी नमस्कार करून निघतो.

कप्तान निवडताना बोटीच्या देखणेपणावर जाऊ नका. आधीचे क्रू का उतरले ते विचारा, त्यांच्याशी बोला. एकट्या बाईने तर बोलल्याशिवाय चढूच नये. आधी एखादा दिवस सोबत शिडं उभारून या. जीवरक्षक तराफ्याची तपासणी कधी झाली ते बघा. कप्तान दारू पिऊन सुकाणू धरत असेल तर बोट कितीही चांगली असो, नको.

कागदपत्रं: तुमचं नाव बोटीच्या क्रू यादीत असतं आणि अनेक देशांत तुम्हाला बाहेर काढण्याची जबाबदारी कप्तानावर येते. म्हणून परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा आणि ते आहेत हे त्याला आधीच सांगा. व्हिसाचे नियम बोटीने येणाऱ्यांसाठी वेगळे असू शकतात. अमेरिकेत खासगी बोटीने येताना व्हिसा-माफीची सवलत चालत नाही.